बोटीचा गोठा

पहाटे ५

मे महिन्यात आळंदी उजाडायची वाट बघत नाही. देवळातला काकडा संपत आलेला असतो, वारकरी शिक्षण संस्थेच्या अंगाने पखवाजावर पोरांचा हात फिरत असतो आणि घाटावर गुडघ्यांसाठी चालायला आलेली माझ्यासारखी मंडळी असतात. आज इंद्रायणीवर फेस आहे. पुलावरून बघितलं तर कुणी कापूस पिंजून टाकलाय असं वाटतं. पायरीपर्यंत उतरलं की रुमाल नाकाला जातो. वरच्या अंगाचं सांडपाणी, कारखान्यांचं रसायन, काय काय. बाहेरगावच्या एक आजी तोच फेस हाताने बाजूला सारून तांब्या भरत होत्या. मी माघारी वळलो.

या नदीत बोट घालायचं कुणाच्या मनात येणार नाही. आणि आज दिवसभर माझं काम बोटीचंच आहे.

सत्तावीस वर्षं मी इथं नकाशे काढतो आणि कामावर उभा राहतो. बंगले, भाड्याच्या खोल्या, दोन मंगल कार्यालयं, धर्मशाळेचे मजले, पोल्ट्री, ट्रॅक्टरचे शेड, गोठे तर मोजलेच नाहीत. बोट ठेवायची जागा मात्र आजवर कुणी मागितली नव्हती. मागितली ती चाकणच्या एका गाडी कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर असलेल्या साहेबांनी. मूळचे गुहागरकडचे. मरकळ रस्त्याला, धानोऱ्याच्या अलीकडे पाच गुंठे घेतलेत. तिथं घर बांधायचंय, आणि घराच्या पोटात बोटीचं गॅरेज हवंय. आमच्याकडे गॅरेज म्हटलं की पाना, ग्रीस आणि पंक्चरची टपरी. त्यामुळे प्रत्येकाने त्याला आपापलं नाव ठेवलंय. साहेब म्हणतात बोटघर, फॅब्रिकेटर म्हणतो शेड, आणि साहेबांच्या घरच्या वहिनी म्हणतात गोठा. मला वहिनींचं नाव पटलं.

सकाळी ६.३०

मोशीला साहेब भाड्याच्या रो-हाउसमध्ये राहतात. बोट दारात, निळ्या ताडपत्रीखाली. शेजाऱ्यांची गाडी निघायची म्हणजे आधी बोटीचं नाक उचलून वळवावं लागतं, म्हणून शेजारी आणि साहेब यांच्यात नमस्कारापुरताच संबंध उरलाय. त्यांची कंपनीची बस सव्वासातला. पाऊण तासात मापं घ्यायची होती.

“बोट पाच मीटरची आहे, साडेसोळा फूट,” साहेब म्हणाले. “अठरा फुटी गॅरेज पुरेल ना?”

हे वाक्य मी वेगवेगळ्या वस्तूंबद्दल आयुष्यभर ऐकलंय. माणूस वस्तूचं कागदावरचं माप सांगतो. मी टेप काढला, एक टोक साहेबांच्या हातात दिलं. ट्रेलरची दांडी बोटीच्या नाकापुढे चार फूट येते. तिच्या टोकाला गाडीच्या मागच्या पन्नास मिलिमीटरच्या गोळ्यावर बसणारी वाटी. तिथून मागे इंजिनापर्यंत २१ फूट ४ इंच. मग मी इंजिन वर उचलायला सांगितलं, कारण रस्त्याने जाताना ते वर असतं, नाहीतर पंखा खड्ड्यात. वर उचललं की ते मागे आडवं होतं. २२ फूट ३ इंच. बोट साडेसोळाची, जागा खाते सव्वाबावीस.

रुंदीचंही तेच. बोट ६ फूट ८ इंच, पण चाकांवरचे मडगार्ड धरून ७ फूट १ इंच. उंची घ्यायला मी ट्रेलरवर चढलो. सुकाणूपुढच्या काचेवर स्टीलची एक नळी वाकवून बसवलीय, धरायला. जमिनीपासून तिच्या माथ्यापर्यंत ७ फूट ४ इंच. साहेबांना वाटत होतं सहा.

खाली वाकून बघितलं. बोटीच्या मागच्या अंगाला, तळाशी, पितळेचं बूच असतं. पाण्यात घालताना लावायचं, बाहेर काढली की काढायचं, म्हणजे आत साचलेलं पाणी निघून जातं. ते लावलेलंच होतं. मी बोट टेकवलं, साहेब जीभ चावून म्हणाले, “राहिलं.” काढल्यावर भळाभळा बादलीभर पाणी आलं, मागच्या आठवड्यातल्या वळवाचं. ताडपत्रीला मधे झोळ होता आणि झोळाला भोक. फायबरवर एका बाजूने पांढरी पूड धरलीय, बोटाला खडूसारखी लागते. ती बाजू पश्चिमेची.

“गुहागरला काय करता पावसाळ्यात?” मी विचारलं.

“वर ओढतात. ओंडक्यांवरून, सगळा वाडा हात लावतो. मग माडाच्या झावळ्यांचे झाप विणून शाकारतात. एक जूनपासून एकतीस जुलैपर्यंत मासेमारी बंदच असते सरकारी. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की पुन्हा पाण्यात.”

म्हणजे गॅरेजला नकाशा नाही, मंजुरी नाही, शटर नाही. दोन महिने टिकेल एवढं छप्पर आणि वीस माणसं. इथं वीस माणसं नाहीत. एक साहेब, एक गाडी आणि कॉलेजात जाणारा मुलगा, तोही उठला असेल तर.

त्यांच्या बैठकीत म्हादेईचं चित्र लावलंय. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली छप्पन्न फुटी शिडाची बोट. तिच्यातून नौदलाच्या दिलीप दोंदेंनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, भारतीयांतली पहिली. “तीही शेडमध्येच जन्मली,” साहेब म्हणाले. हिशोब माझ्या बाजूला आहे असं समजून मी मान हलवली.

सकाळी ९

लग्नतिथी. देहू फाट्यापासून गाड्या एकामागे एक. आळंदीत लग्न लावायला राज्यभरातून मंडळी येतात; काही वरातीने, काही घरच्यांना न सांगता. एकादशी असली की दिंड्या, नसली की वराती. मधला दिवस क्वचित. चौकात बँड, त्यापुढे नाचणारे, त्यापुढे मी. इथून सदतीस फुटांचं वाहन आणायचंय, हे बसल्या जागी डोक्यात आलं. सदतीस म्हणजे साहेबांची गाडी पंधरा आणि मागे बोट बावीस. आणि एकदा वरातीपुढे अडकलं की ते मागे घेता येत नाही. मागे बघून फक्त घाम येतो.

रथाची आठवण झाली. पालखीचा रथ गावातून निघतो तेव्हा कोपऱ्यावर किती जण पुढे-मागे असतात! बैलजोडी मानाची, पण वळण माणसांचं असतं.

सकाळी १०.३०

ऑफिस. सातबारा, मोजणीचा नकाशा, झोनचा दाखला. जागा नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर आहे, त्यामुळे कागद पीएमआरडीएकडे, म्हणजे महानगर प्राधिकरणाकडे. राज्यभराची एकत्रित नियमावली डिसेंबर २०२० पासून लागू झाल्यावर निदान एकच पुस्तक उघडावं लागतं. सामासिक अंतर मोकळं सोडायचं, हे साहेबांना दोनदा समजावलंय. कुंपणाला टेकून पत्रा टाकला आणि खाली बोट ढकलली, तर ते बांधकामच धरतात. “तात्पुरतं आहे हो” हे कुठल्याच नकाशावर लिहिता येत नाही.

पूररेषेचा नकाशाही बघितला. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येईल असा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा. निळीच्या आत बांधायचंच नाही, निळी-लालच्या मधे अटी. आपली जागा लालच्याही बाहेर, चांगली दोनशे पावलं. मी नि:श्वास सोडला, चहा मागवला. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे झाकलेल्या पार्किंगची जमीन भोवतालपेक्षा किमान १५० मिलिमीटर उंच हवी. वहीत लिहिलं : कोबा सहा इंच वर.

मग आतलं माप. लांबीला बावीस-तीन, पुढे दांडीशी वाकून काम करायला तीन फूट, मागे इंजिनाशी उभं राहायला पावणेतीन. अठ्ठावीस फूट. रुंदीला सात-एक, दोन्ही बाजूंना बादली घेऊन माणूस चालला पाहिजे, म्हणून चौदा. दार दहा फुटी. दार दहाच का? तर रस्त्यावर चालणाऱ्या सर्वसाधारण वाहनाची रुंदी २.६ मीटरच्या वर जाऊ नये असा नियम आहे, म्हणजे साडेआठ फूट. साहेबांनी उद्या मोठी बोट घेतली तरी कायद्यात बसणारी कोणतीही बोट या दारातून दोन्हीकडे नऊ-नऊ इंच सोडून जाईल. ट्रेलरदेखील १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत वाहनच, त्यामुळे त्याचाही नोंदणीचा प्रश्न आहे. तो साहेबांच्या फायलीत, माझ्या नाही.

अठरा फुटी गॅरेज अठ्ठावीस झालं. फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे थोडा वेळ नुसता कारखान्याचा आवाज येत होता.

दुपारी १२

जागेवर. माझ्या नकाशात उत्तरेच्या रस्त्यावर फाटक आणि पश्चिमेच्या बाजूला, उत्तरेला तोंड करून शेड. मिस्त्रींनी लाईनदोरी लावली, पोराने फक्की मारली. रखरखीत मुरुमावर पांढऱ्या रेघांत घर उठलं. हॉल, जिना, आग्नेयेला स्वयंपाकघर, कडेला अठ्ठावीस बाय चौदाचा गोठा. वहिनी स्कूटरवर आल्या, फक्कीच्या स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या, मग फक्कीच्या गोठ्यात.

“भाऊ, माझं स्वयंपाकघर दहा बाय अकरा.”

“हो.”

“आणि ह्या बयेला अठ्ठावीस बाय चौदा.”

मी मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्रींनी ओळंब्याकडे.

रंगीत तालमीसाठी मी गावातले अण्णा बोलावले होते. सत्तरीचे. चाळीस वर्षं ट्रॅक्टर-ट्रॉली हाकली. ऊस, वाळू, मुरूम, दिंडीचं सामान. ट्रेलर मागे कसा घ्यायचा हे पुण्यात शिकवणारा कोणी असेल तर असो, आळंदीत त्याचे प्राध्यापक अण्णा आहेत. त्यांनी दोन चाकांची रिकामी ट्रॉली आणली होती. उत्तरेच्या रस्त्याने पुढे गेले, थांबले आणि मागे बघत एका झटक्यात ट्रॉली फक्कीच्या चौकटीत घातली. रेघ मोडली नाही. मी टाळीच वाजवणार होतो.

अण्णा उतरले नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

“सायेब गाडीत कुठं बसत्यात?”

“म्हणजे?”

“उजव्या अंगाला. मी बसतो मधी. मला दोन्हीकडलं दिसतं. मी आत्ता डाव्या हाताला वळवली ट्राली. सायबांनी डावीकडं वळवली की पार तिकडं, काचंच्या पल्याड जाती ती. दिसायचीच न्हाई. तुमचा खांब कधी खाल्ला, ते आवाज आल्यावर कळंल.”

मग त्यांनी ते करून दाखवलं. ट्रॅक्टरवर उजव्या मडगार्डकडे सरकून बसले, डावा डोळा एका हाताने झाकला आणि पुन्हा डावीकडे वळवत मागे घेतली. ट्रॉली माझ्या हॉलमधून जिन्यावर गेली.

मागे घेताना ट्रेलर उलटा वागतो, हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं. गाडीचं मागचं अंग डावीकडे गेलं की ट्रेलर उजवीकडे. त्यावर अण्णांची युक्ती अशी : हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरायचा, मग ज्या बाजूला हात, त्या बाजूला ट्रॉली. “डोकं लावायचं न्हाई. हात सांगतो.” आणि दांडी जितकी लांब तितकी ट्रॉली शांत. आखूड दांडीची ट्रॉली लगेच मोडते, म्हणजे गाडीशी काटकोन करून बसते. साहेबांचा ट्रेलर मध्यम स्वभावाचा आहे, असा त्यांनी मोबाइलवरचा फोटो बघून निकाल दिला.

पण मुद्दा बाजूचा होता. जागा कोपऱ्याची आहे. उत्तरेला रस्ता, पूर्वेला वीस फुटी गल्ली. मरकळ रस्त्याकडून येताना त्या गल्लीतूनच, उत्तरेकडून दक्षिणेकडे यावं लागतं. अण्णा ट्रॅक्टर घेऊन गल्लीत गेले, दक्षिणेकडे तोंड करून थांबले आणि उजवा हात लांब केला. तिकडे आमची जागा. “हितनं मागं घ्यायची. उजवीकडं. खिडकीतनं मान काढली की चाक दिसतंय, खांब दिसतोय, सगळं दिसतंय.”

म्हणजे शेडचं तोंड पूर्वेला हवं, उत्तरेला नाही.

मी गॅरेज बोटीच्या मापाने काढलं होतं. फूटभर इकडे, फूटभर तिकडे, सगळं बरोबर. आणि ते साफ चुकलं होतं, कारण बोट तिथं उडत येणार नव्हती. सगळ्याच बोटींचं असं नसतं. दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे सीएमईत, वल्हवायच्या बोटी आहेत. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ तिथंच घडले आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या शर्यतीत तेरावे आले. तसली एकट्याची बोट सव्वीस-सत्तावीस फूट लांब असते, वजनाची किमान मर्यादा चौदा किलो. खांद्यावर टाकायची आणि भिंतीतल्या ब्रॅकेटवर ठेवायची, वळणाचा प्रश्नच नाही. संताजी जगनाड्यांच्या सुदुंबऱ्याला एनडीआरएफची पाचवी बटालियन आहे. पुरात लोकांना काढायच्या त्यांच्या रबरी बोटींतली हवा काढून घडी घालता येते, ट्रकमध्ये बसते. बोटीची ज्यांना खरी गरज, त्यांनी हा प्रश्नच ठेवलेला नाही. साडेसोळा फुटी फायबर बोट हौसेने घेतली की मात्र घराची दिशा तिला विचारून ठरवायची.

दुपारी २.१५

कडुनिंबाखाली डबा. वहिनींनी भाकरी, ठेचा आणि साहेबांसाठी केलेली सुकट आणली होती. मी माळकरी, त्यामुळे सुकट मिस्त्रींकडे. अण्णांनी पैसे घेतले नाहीत, डिझेल घेतलं.

आता खरी अडचण. पूर्वेला तोंड करून अठ्ठावीस फुटी शेड बसवायची तर दोनच कोपरे. ईशान्य किंवा आग्नेय. ईशान्येला पत्र्याची शेड म्हटल्यावर मिस्त्रींनीच कानाला हात लावला. उरली आग्नेय. तिथं वहिनींचं स्वयंपाकघर.

मी वास्तूवाला नाही, पण सत्तावीस वर्षांत एक शिकलोय : ज्या घरात बाईच्या मनात स्वयंपाकघराबद्दल किंतु राहिला, त्या घराचं काम कधी संपत नाही. टाइल्स दोनदा उखडतात, ओटा तीनदा. म्हणून हा विषय मी काढला नाही. भाकरी मोडत बसलो.

वहिनी फक्कीच्या रेघांवरून चालत आग्नेय कोपऱ्यात गेल्या. तिथून गल्ली बघितली, वारा बघितला, परत आल्या.

“बोटीत पेट्रोल असतं ना?”

“टाकीत असतं थोडं.”

“मग अग्नी तिथंच राहिला की. स्वयंपाकघर वायव्येला घ्या. वायव्येला चालतं, आमच्या गुरुजींनीच सांगितलंय. पण बारा बाय चौदा. आणि धुण्याची मोरी वेगळी.”

गोठ्याच्या रुंदीइतकी लांबी मागून घेतली त्यांनी. मी लगेच लिहून घेतलं.

मिस्त्रींनी फक्की पुसली, दोरी फिरवली. गल्लीच्या फाटकापासून शेडच्या तोंडापर्यंत पंधरा फूट मोकळं अंगण, मग अठ्ठावीस फूट शेड, मागे सतरा फूट शिल्लक. फाटक मी बारा फुटी धरलं होतं. अण्णांच्या सांगण्यावरून सोळा केलं आणि झुलतं काढून सरकतं केलं. झुलतं फाटक आत उघडलं तर बोटीच्या वाटेत, बाहेर उघडलं तर गल्लीतल्या लोकांच्या. कोपऱ्यांवर खुंट्या ठोकायला सांगितल्या.

दुपारी ४

फॅब्रिकेटरकडे. वेल्डिंगच्या ठिणग्या, चहाचे कप ग्रीसच्या बोटांत. शेडच्या चार फ्रेम, साधारण सव्वानऊ फुटांवर एक. वर प्रीकोटेड पत्रा, खाली उष्णता अडवणारा थर. नाहीतर मे महिन्यात आत भट्टी होते.

शटरवर मी अर्धा तास बसलो. कारण आहे. बारा वर्षांपूर्वी एका मंगल कार्यालयाला मी आचाऱ्याच्या टेम्पोसाठी शेड काढली. टेम्पो साडेआठ फुटी, दार नऊ फुटी. काम झालं, शटर लागलं, टेम्पो आत जाईना. रोलिंग शटर वर गेलं की हवेत विरत नाही, पाइपभोवती गुंडाळतं. तो गुंडाळा दीड फूट खाली लोंबत होता आणि दार उरलं होतं साडेसात. चूक माझीच, तोडफोडीचे पैसे मी भरले. तेव्हापासून शटर पूर्ण उघडल्यावर पट्टीखाली उरते तेवढी मोकळी उंची, एवढी एकच उंची मी दाराची धरतो. इथं ती नऊ फूट. नळीचा माथा सात-चार, राहिलेले वीस इंच दचक्यांना आणि साहेबांच्या पुढच्या बोटीला. वर दीड फुटाचा रोल, म्हणून कडेची उंची अकरा फूट.

जाळ्या दोन उंचीवर. वरच्या गरम हवेला, खालच्या पेट्रोलला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीवर पसरते, वरच्या झरोक्यातून जात नाही. फॅब्रिकेटर म्हणाला, “खाली जाळी ठेवली की उंदीर येतात.” बारीक जाळी लाव म्हटलं. विजेचं बटणही कमरेच्या वर.

कोब्याचा हिशोब त्याच्याच टेबलावर केला. अठ्ठावीस बाय चौदा, जाडी पाच इंच, म्हणजे १.६३ ब्रास काँक्रीट. दाराकडे शंभराला एक उतार; अठ्ठावीस फुटांत जवळपास साडेतीन इंच. कोकणातून आल्यावर बोट, ट्रेलर, चाकांचे बेअरिंग सगळं धुवावं लागतं आणि इंजिनाला गोडं पाणी पाजावं लागतं, नाहीतर मीठ आतून खातं. म्हणून मागच्या भिंतीला नळ, दाराशी आडवी नाली. ट्रेलर महिनोन्‌महिने उभा राहिला की टायर एकाच जागी बसतात. आसाखाली द्यायला सागाचे दोन ठोकळे मी माझ्याकडचे देणार आहे, जुन्या वाड्याच्या तुळईचे.

कोब्यात चार कड्या टाकायच्या, बोट बांधायला. फॅब्रिकेटर हसला. “शेडमध्ये कुठं पळतीये?” त्याला सांगितलं, शेडमध्ये कधी दोन-अडीच फूट पाणी शिरलं तर जगातली सगळी वाहनं बुडतात आणि बोट तरंगते. तरंगत जागा सोडते, खांबाला थडकते, पाणी ओसरलं की भिंतीवर तिरकी उतरते. बूच काढून ठेवलेलं आणि चार कड्यांना पट्टे बांधलेले असले की जागेवर राहते. तो पुन्हा हसला, पण कड्या लिहून घेतल्या.

संध्याकाळी ७

साहेब बसमधून फाट्यावर उतरले आणि थेट जागेवर आले. अंधारून आलं होतं, आळंदीकडून हरिपाठाचा स्पीकर ऐकू येत होता. मी त्यांना आधी आग्नेयेचा गोठा दाखवला, मग वायव्येचं स्वयंपाकघर, मग दोन्हींमधलं उरलेलं घर. हॉल दोन फुटांनी आखडलाय. त्यांनी विरोध केला नाही; घरी आधीच बोलणं झालं असावं.

“ट्रेलर मागे घेणं मला जमेल ना?”

अण्णांचा नंबर दिला. रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात, विटा मांडून. फी म्हणून अण्णांनी एक अट घातलीय : एकदा बोटीत बसवायचं. चाळीस वर्षं नदीकाठी राहून त्यांनी बोटीत पाय ठेवलेला नाही. साहेब म्हणाले, गुहागरला नेतो. मी म्हटलं, आधी मागे घ्यायला शिका.

रात्री ९.४५

वळीव आला. अर्धा तास असा कोसळला की पत्र्यावर बोलणं ऐकू येईना. थांबल्यावर बायको म्हणाली जाऊ नका, तरी गेलो. फक्की राहिली असेल का, एवढंच बघायचं होतं.

फक्की गेली होती. बॅटरीच्या उजेडात मुरूम नुसता लाल. खुंट्या होत्या, आठपैकी सात. आठवी कुणाची तरी बकरी बांधायला गेली असावी. दोन खुंट्यांच्या मधे, जिथं शेडचं तोंड येणार, तिथं पाणी उभं होतं. नदी दूर होती, लाल रेषेच्याही पलीकडे. हे गल्लीचं पाणी. गल्लीवर दरवेळी नवा थर टाकतात, तिची उंची वाढत गेलीय, आणि सगळ्या गल्लीचा पाऊस आमच्या सोळा फुटी फाटकाच्या जागेतून आत उतरत होता.

चप्पल काढून पाण्यात उतरलो, टेप खुंटीला लावला. साडेसात इंच. गल्लीच्या कडेपासून पुन्हा माप धरलं, खात्रीसाठी.

गाडीत बसून, आतल्या दिव्यात वही उघडली. “कोबा सहा इंच वर” यातला सहा खोडला, बारा केला. दहाला एक चढ धरला तर फाटकाकडून दहा फुटांचा रॅम्प. अंगण पंधरा फुटांचं, म्हणजे दारापुढे पाच फूट सपाट उरतं. फाटकाच्या आतून आडवी दुसरी नाली. कडेची उंची पत्र्यासकट सहा इंचांनी वर. खाली फॅब्रिकेटरचा नंबर लिहिला आणि पुढे : सकाळी सातच्या आत फोन, त्याने चॅनल कापायच्या आधी.